आतोबा, पंप आणि शेवटचा खांब

आमच्या आतोबांनी उभ्या आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्या झटक्यात सुरू होऊ दिली नाही. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. त्यांच्या स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं दोनदा सुरू करावी लागली, कारण पहिल्याच कडव्याला कर्ण्यातून खरखर आली आणि नवरदेव "वायर सैल आहे, थांबा जरा" असं म्हणत अंतरपाटाखालून वाकून बाहेर पडले. मुंडावळ्या कानामागे सारून त्यांनी कर्णा उतरवला, वायर सोलली, दातांनी पीळ दिला, पुन्हा जोडली आणि मगच हात धुऊन पाटावर येऊन उभे राहिले. तोवर आत्या हातात हार घेऊन तशीच उभी. "तेव्हाच मी ओळखलं," ती सांगायची, "या माणसाबरोबर राहायचं तर थांबायची सवय करायला हवी." मुहूर्त टळला की नाही यावर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचा पुढे कित्येक वर्षं वाद चालू होता. आतोबांचं म्हणणं एवढंच, की मुहूर्त टळला असेलही, पण खरखर गेली.

हे वळण त्यांना नोकरीनं लावलं होतं. तारखात्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली आणि त्यातली निम्मी तुटलेल्या तारा शोधण्यात गेली. गाव त्यांना तारमास्तर म्हणायचं. पावसाळ्यात कुठंतरी झाड पडायचं, तार बोलेनाशी व्हायची, आणि आतोबा खांद्याला पिशवी, डोक्याला इरलं अशा थाटात खांबामागून खांब तपासत निघायचे. "दोष कधी शोधायचा नसतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. "आपण एका टोकाला उभं राहायचं आणि दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं. मधला एक खांब सोडायचा नाही. दोष वाटेत आपण होऊन भेटतो." निवृत्त झाल्यावर खांब उरले नाहीत, तेव्हा त्यांनी हीच पद्धत घरातल्या सगळ्या वस्तूंना लावली. आमटी खारट झाली तर ते विहिरीपासून सुरुवात करायचे.

दुरुस्त केलेल्या प्रत्येक गोष्टीतला गुन्हेगार ते जपून ठेवत. त्यासाठी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता आणि त्यात पुड्या होत्या. प्रत्येक पुडीवर बारीक, सुबक अक्षरात तीन ओळी असत: दोष, कारण, उपाय. मला पाठ असलेली एक चिठ्ठी अशी: "दोष: बातम्या घोगऱ्या ऐकू येणे. कारण: झुरळ. उपाय: झुरळ काढणे." आत ते झुरळ होतं, वाळलेलं, एका मिशीनिशी. मी कचेरीत कारकून. टिपणं आणि शेरे यांतच माझा जन्म गेला, पण इतक्या थोडक्यात निकाल देणारा साहेब मी पाहिला नाही. आत्याला मात्र त्या डब्याचा राग होता. तो डबा मुळात तिनं चकल्यांसाठी ठेवला होता.

आतोबांची बाग रत्नागिरीहून आरे-वाऱ्याकडे जाताना कातळाच्या उतारावर होती. साठ-पासष्ट हापूसची कलमं, थोडे माड, मधोमध घर आणि घराभोवती जांभ्या दगडाचा गडगा. रत्नागिरीत घरांवर टीव्हीच्या अँटेना नुकत्या कुठं दिसू लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. लोकांनी टीव्ही घेतले आणि आतोबांनी पंप घेतला. पाठीवर बांधायचा, पेट्रोलवर चालणारा, दोरी ओढून सुरू करायचा फवारणीचा पंप. वर औषधाची टाकी, खाली छोटं इंजिन, आणि बाजूनं हत्तीच्या सोंडेसारखी एक नळी, जिच्यातून वारा आणि औषध मिळून कलमाच्या शेंड्यापर्यंत जायचं. तोवर त्या बाजूला सगळे पायपंपानं फवारणी करत. त्यात एकानं पायानं पंप हाणत राहायचं आणि दुसऱ्यानं लांब बांबू धरून मान मोडून वर बघायचं. आतोबांचा पंप आल्यावर पहिले आठ दिवस लोक तो बघायला येत होते.

औषध फवारून झाल्यावर तो गप्प ठेवावा हे काही आतोबांना पटेना. त्यांनी औषधाची टाकी काढून नुसत्या वाऱ्यावर घरापुढच्या खळ्यातला पातेरा उडवायला सुरुवात केली. वाळकी पानं गोळा करायला बाईमाणसाला जिथं सकाळ लागायची तिथं पाच मिनिटांत खळं लख्ख व्हायचं. पातेरा कुठं जातो याचा विचार त्यांनी केला नाही. तो गडग्यापलीकडच्या अण्णांच्या ओटीवर जात होता. अण्णा बरेच दिवस काही बोलले नाहीत. मग एके दिवशी पातेऱ्याबरोबर आत्याचे वाळत घातलेले पोह्याचे पापडही गेले, आणि अण्णांनी ते परत न करता तळून खाल्ले. त्यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं ते तीन वर्षं. "त्यांनी पातेरा परत केला, पापड ठेवले," आतोबा मला म्हणाले. "माणसाचा दोष कळला."

मी ज्या वर्षाबद्दल सांगणार आहे त्या वर्षी घरात आणखी एक काळजी होती. आतोबांची एकुलती मुलगी सुधा. तिचा नवरा अलोऱ्याच्या वसाहतीत राहायचा, धरणाच्या कामावर इंजिनिअर होता. लग्नाला आठ वर्षं झाली होती. दोनदा आशा लागली आणि दोनदा हातची गेली. या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं, की जिने नकोत, प्रवास नको, पडून राहायचं. म्हणून दसऱ्यानंतर ती माहेरी आली होती आणि माजघरात पलंगावर पडून मासिकं वाचत होती. आत्या तिला तूपभात भरवायची, आणि आतोबा दर तासाला तिच्या खोलीतला पंखा तपासायचे. तो पंखा इतका निर्दोष झाला होता की अंगाला वारा लागायचा पण आवाज यायचा नाही.

त्या ऑक्टोबरच्या उन्हात एक कुंभारीण घरात शिरली. कुंभारीण म्हणजे ती काळी, बारीक कमरेची माशी, तोंडात मातीची गोळी घेऊन येते आणि भिंतीला, फोटोमागे, कुलपाच्या भोकात घर बांधते. बांधताना गुणगुणते. आत्यानं ती गुणगुण ऐकली आणि ताट वाढता वाढता थांबली. कुंभारणीनं घर बांधलं की घरात पाळणा हलतो, असं तिच्या माहेरी, म्हणजे आमच्याकडे, मानतात.

"यंदा घरात कुंभारीण फिरत्येय हो," ती म्हणाली.

"तो एक कीटक आहे," आतोबा म्हणाले. "त्याला भोक लागतं. आपल्या घरात भोकं आहेत. यात तुझ्या मुलीचा काय संबंध?"

आत्या पुढं ताट वाढायला लागली. आतोबांनी मग मला कीटकांच्या आयुष्यक्रमावर अर्धा तास ऐकवलं. अंधश्रद्धेबद्दल त्यांना मनापासून चीड होती. गड्यानं कलमाला काळी बाहुली बांधली तर ते ती सोडून डब्यात टाकत आणि वर लिहीत, "कारण: अज्ञान."

जानेवारीत मोहोर आला. असा आला की पानं दिसेनात. आत्या म्हणाली, मेली दृष्ट लागेल अशी कलमं झाल्येत. आणि नेमकं मळभ धरलं. मळभ आलं की मोहोरावर तुडतुडे पडतात, रस शोषतात, खाली चिकटा सांडतो आणि बघता बघता मोहोर काळा पडून गळतो. पहिली फवारणी चार-पाच दिवसांत व्हायलाच हवी. वर्षाचा सगळा खर्च त्या मोहोरावर, शिवाय यंदा सुधाचं बाळंतपण. आतोबांनी पावसाळ्यापासून पडवीतल्या खुंटीवर असलेला पंप उतरवला, पुसला, पाठीवर घेतला आणि गणूला दोरी ओढायला सांगितली. गणू त्यांचा जुना गडी, आतोबांच्याच वयाचा.

पंप फट् म्हणाला, पुन्हा फट् म्हणाला, आणि गुदमरल्यासारखा गप्प झाला. दहा वेळा ओढली, वीस वेळा ओढली.

"मास्तर, ह्याला कुनाची नजर लागली," गणू धापा टाकत म्हणाला. "एक नारळ ठेवूया काय?"

"नारळ फोडून इंजिन चालू झालं असतं तर तारखात्यानं माडच लावले असते," आतोबा म्हणाले आणि त्यांनी पंप खाली ठेवून हत्यारांची पेटी उघडली. मी त्या रविवारी तिथं होतो. रविवारची एसटी पकडून आत्याकडे जेवायला जायचं हा माझा नेम होता.

तर आतोबा पहिल्या खांबापाशी उभे राहिले. पहिला खांब म्हणजे पेट्रोल. जुनं पेट्रोल ओतून दिलं, नवं आणलं, त्यात ऑइल मिसळलं. ऑइल मोजायला आत्याच्या खोकल्याच्या औषधाचं माप. दुसरा खांब हवेची जाळी, ती पेट्रोलमध्ये खळबळून धुतली. तिसरा खांब कार्बुरेटर. त्याचं सुईएवढं भोक त्यांनी केरसुणीच्या हिरानं साफ केलं आणि डोळ्याला लावून त्यातून मला बघितलं. चौथा खांब प्लग. तो काढला, तारेच्या ब्रशनं घासला, त्याच्या दोन टोकांत पोस्टकार्ड सरकवून अंतर बघितलं, मग प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून मला धरायला सांगितला आणि गणूनं दोरी ओढली. ठिणगी आली की नाही हे बघायची गरज पडली नाही. मी झटक्यासरशी ओटीच्या पायरीवर जाऊन बसलो होतो. "ठिणगी उत्तम," आतोबा म्हणाले. खांब सगळे नीट होते आणि पंप मात्र हूं की चूं करत नव्हता. तेवढ्यात आत्यानं पानं घेतल्याची हाक दिली. जेवून मी वामकुक्षी केली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

पुढच्या रविवारी गेलो तर पंप ओटीवर पाटावर ठेवलेला, आणि घरात एक नवी रीत सुरू झालेली. आमच्याकडे येणाऱ्याला आधी गूळपाणी देतात. आतोबांकडे आधी दोरी देत. "या, बसा, एकदा ओढून बघा," असं स्वागत. प्रत्येकाच्या हाताचा हिसका वेगळा असतो आणि यंत्राला नेमका कुठला हिसका लागू पडेल सांगता येत नाही, असं त्यांचं नवं मत होतं. पोस्टमननं ओढली. सत्यनारायणाचं विचारायला आलेल्या भटजींनी उपरणं कमरेला गुंडाळून ओढली. कुळिथाचं पीठ द्यायला आलेल्या एका बाईंनी अशी काही ओढली, की दोरीच्या टोकाची लाकडी मूठ हातात आली. आतोबांनी मूठ बसवून दिली आणि बाईंचं नाव हिसक्यांच्या वहीत पहिल्या नंबरावर लिहिलं. माझा नंबर अकरावा लागला, भटजींच्या खाली. हाताला फोड आले होते तरी मला त्या नंबराचं वाईट वाटलं, हे कबूल करतो.

त्याच दिवशी सुधाचा नवरा अलोऱ्याहून तिला भेटायला आला. जावई म्हणून आतोबा त्याला अहोजाहो करत. त्यानंही दोरी ओढली. मग इंजिनिअर असल्याची आठवण होऊन तो पंपासमोर उकिडवा बसला. त्याची विद्या धरणाच्या भिंतींची होती, पण माणूस धीराचा. त्यानं पेट्रोल बघितलं, जाळी बघितली, प्लग बघितला, आणि पाना घेऊन मागं वळला, जिथं धूर बाहेर जायची नळी असते तिकडं.

"चला, पानं वाढल्येत!" आतोबा एकदम उठून म्हणाले.

घड्याळात साडेदहा वाजले होते. आत्या स्वयंपाकघरातून ओरडली, की अजून भाताला आधणसुद्धा नाही. पण आतोबांनी जावयाच्या हातातला पाना काढून घेतला आणि त्याला हाताला धरून विहिरीवर पाय धुवायला नेलं. जावई आणि मी रिकाम्या पाटांवर पाऊण तास बसलो होतो.

मला तेव्हा काही सुचलं नाही. सुचलं ते तिसऱ्या रविवारी. गावातून चालत येताना मी दोन्ही बाजूंच्या बागा बघत होतो. सगळीकडे फवारणी उरकली होती आणि आतोबांच्या कलमांखाली चिकट्यानं पानं चमकत होती. खालच्या तीन-चार कलमांचा मोहोर करपायला लागला होता. गणू फाटकातच भेटला. "दादा, तुमी तरी सांगा त्यांना," तो म्हणाला. "आजून चार दिस गेले तर आंबा काय, आंब्याचा वाससुदा येनार नाय." आणि आत ओटीवर आतोबा पुन्हा पहिल्या खांबापाशी बसले होते. पेट्रोल ओतलं, जाळी धुतली, कार्बुरेटर फुंकला, प्लग घासला. पुन्हा पेट्रोल.

मी कारकून असलो तरी डोळे आहेत मला. ज्या माणसानं बत्तीस वर्षांत एक खांब सोडला नाही तो तीन रविवार चौथ्या खांबावरून परत फिरत होता. पंपाला पाचवा खांबही होता. जळलेला धूर बाहेर जायला हवा की नको? आतोबा हात धुवायला विहिरीवर गेले तसा मी पंप उजेडाकडे फिरवला आणि सायलेन्सरच्या तोंडात बघितलं. ते मातीनं बंद होतं. गुळगुळीत, गोल, बोटानं लिंपावी तशी वाळलेली माती. कुंभारणीचं घर.

मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. अकराव्या नंबरच्या माणसानं दोष शोधला होता. "आतोबा, सापडला!" असं ओरडून मी पेचकस उचलला आणि त्या मातीला लावणार, एवढ्यात ओल्या हातानं माझं मनगट धरलं गेलं. सहासष्ट वर्षांच्या माणसाची ती पकड. मला वाटलं, यांनीच दोरी ओढली असती तर पहिला नंबर त्यांचाच आला असता.

"हात लावू नकोस," ते हळूच म्हणाले आणि माजघराच्या दाराकडं बघितलं. दार लोटलेलं होतं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी. तू झोपला होतास तेव्हा. मी शेवटपर्यंत चालत गेलो होतो."

"मग हे पेट्रोल, प्लग, आणि ही जी आम्ही दोरी ओढतोय ती?"

"पेट्रोलचा कॉक बंद आहे," आतोबा म्हणाले. "त्याच दिवशी केला. इंजिन पेटलं असतं तर आतली अळी भाजली असती. तुमच्या ओढण्यानं काही बिघडत नव्हतं. व्यायाम झाला."

मी माझ्या तळहाताच्या फोडांकडे बघितलं. आतोबा माझ्या शेजारी ओटीच्या कडेला बसले. मोहोराचा वास येत होता आणि खाली कलमांत गणू उगाचच एका फांदीवरून हात फिरवत होता.

"दोन वर्षांपूर्वी रेडिओच्या मागं असंच घर होतं," ते म्हणाले. "बातम्या लागेनात, म्हणून मी पेचकसानं उकरलं. तुझी आत्या समोर होती. पंधरा दिवसांत अलोऱ्याहून तार आली. त्याचा याच्याशी संबंध नाही. मला पक्कं ठाऊक आहे, नाहीच संबंध. पण ती मला बोलली नाही रे. आजवर एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर मी तिला समजावून सांगितलं असतं."

मी म्हटलं, "पण मोहोर?"

"मोहोर पुढच्या वर्षी येईल," आतोबा म्हणाले, आणि माळ्यावरचा जुना पायपंप काढायला उठले.

त्यानंतरचे चार दिवस मी कचेरीत तापाची रजा टाकली. आतोबा पायपंप हाणत, गणू बांबू धरी, आणि मी औषधाच्या बादल्या वाहत असे. दमलो की अदलाबदल. पायपंप मारताना आतोबांचे गुडघे कडकड वाजायचे आणि मग ते गुडघ्यांचेही खांब तपासायला लागायचे. अण्णांचा तसलाच पंप गडग्यापलीकडे मजेत भुरभुरत होता. मागितला असता तर त्यांनी दिलाही असता, पण आतोबांनी पापडांचं प्रकरण अजून निकाली काढलं नव्हतं. पलीकडून अण्णा दोन-तीनदा गडग्यापाशी येऊन उभे राहिले आणि परत गेले. आत्या दुपारी ताक घेऊन यायची, ओटीवरच्या बंद पंपाकडे बघायची आणि म्हणायची, "नसेल चालू होत, तर राहू दे हो. यंत्रच ते." आतोबा म्हणायचे, "प्लगचं काहीतरी आहे. शोधतोय." निम्मी बाग वाचली. उरलेली काळी पडली. त्या वर्षी आमच्याकडे आंब्याच्या पेट्या नेहमीच्या निम्म्याच आल्या आणि मला त्यातला एकेक आंबा खाताना गुडघ्यांचा आवाज ऐकू यायचा.

मेमध्ये सुधाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. आतोबांनी दवाखान्यात जाऊन आधी पाळण्याची कडी तपासली, ती सैल होती, ती पिळली, आणि मग नातीकडे बघितलं. बाराव्या दिवशी बारसं. खळ्यात मांडव, पन्नास पानं, पत्रावळींवर आमरस. जेवणं उठली आणि आतोबा पंप घेऊन मांडवात आले. मी जवळ जाऊन बघितलं. मातीच्या घराला बाजूनं एक नीट गोल भोक पडलं होतं. कुंभारणीचं लेकरू आपल्या वाटेनं निघून गेलं होतं. आतोबांनी ती रिकामी माती अलगद काढून कागदात ठेवली, कॉक उघडला आणि दोरी ओढली. एकदाच. पंप पहिल्या झटक्यात सुरू झाला.

पन्नास माणसांनी टाळ्या वाजवल्या. आतोबा मात्र गोंधळले. इतकं सहज सुरू झालेलं यंत्र त्यांनी कधी धरलं नव्हतं. सोंड कुठं आहे याचं भान राहिलं नाही, आणि खळ्यातल्या पन्नास उष्ट्या पत्रावळी एकापाठोपाठ एक उठून गडग्यावरून अण्णांच्या ओटीवर जाऊन पडल्या. पलीकडून अण्णांचं डोकं वर आलं. कानाला पत्रावळ लागली होती.

"तारमास्तर," ते म्हणाले, "बोलावलं असतंत तर मी येऊन जेवलो असतो. घरपोच कशाला?"

आत्या पदर तोंडाला लावून हसायला लागली. अण्णांना वाजतगाजत आणून पाटावर बसवलं, पापड वाढले, आणि आतोबा तोवर एका कोपऱ्यात पंपाचा प्लग काढून बघत होते, की हा सुरू झालाच कसा.

आतोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या दिवाळीत आत्यानं मला तो पत्र्याचा डबा उतरवायला सांगितला. तिला म्हणे चकल्यांना डबा हवा होता, इतक्या वर्षांनी. आम्ही ओटीवर बसून पुड्या सोडत होतो. झुरळ होतं, त्याची ती मिशीसुद्धा होती. काळी बाहुली होती. तळाशी एका पुडीत बोटाएवढी वाळकी माती निघाली, बाजूला गोल भोक असलेली. वर आतोबांचं अक्षर: "दोष: पंप सुरू न होणे. कारण: धुराची वाट बंद. उपाय: थांबणे."

मी ती आत्याला वाचून दाखवली आणि मग राहवलं नाही, तीन रविवारची सगळी हकिगत सांगितली. कॉक बंद होता तेही सांगितलं. ती सोडलेल्या पुड्या पुन्हा बांधत ऐकत होती.

"मला ठाऊक होतं रे," ती म्हणाली. "कुंभारणीला त्या नळीत माती नेताना ऑक्टोबरातच बघितलं होतं मी. आणि हे रोज सकाळी उठून चहाच्याही आधी तिथं डोकावून यायचे, तेही दिसायचं."

"मग बोलली का नाहीस त्यांना?"

"बोलले असते तर त्यांना ते फोडावं लागलं असतं," आत्या म्हणाली.

तिनं माझ्या हातातली पुडी घेतली, तिच्या घडीवर घडी घातली, डब्यात जिथं होती तिथं तळाशी ठेवली आणि डब्याचं झाकण लावलं. चकल्या त्या वर्षीही पातेल्यातच राहिल्या.